मुक्ताचा मथळा

नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातील शाळेत मराठीच्या तासाला आम्ही दहा-बारा मुले. महारवाड्यातला मी एका कडेला, मांगवाड्यातला सोबती दुसऱ्या कडेला. शिवाशिव आमच्यातही होतीच. एके दिवशी गुरुजींनी मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखविला. १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापला गेला. हे पत्र १८४२ साली नगरातच सुरू झालेले. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी ही १४ वर्षांची मांगाची पोर. तिने मथळ्यातच मांग-महार शेजारी बसविले आणि धर्माला जाब विचारला. तास संपला तेव्हा आम्ही दोघे एकाच बाकावर होतो. ती मैत्री आजही टिकून आहे. पोटजातीच्या भिंती जपणाऱ्या कार्यकर्त्यांनी मुक्ताचा मथळा तरी पुन्हा वाचावा.