ग्वाल्हेरीस न रुजलेली वेल

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर आंतरी नावाचे गाव आहे. अकबराचा स्नेही व चरित्रकार अबुल फजल याची कबर तेथे आहे. 1602 साली तो दख्खनेतून आग्र्याकडे परतत असता, शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून वीरसिंह बुंदेल्याने त्याला या मुलखात गाठून ठार केले. राजकारणाच्या इतिहासात या खुनाचे महत्त्व मोठे. परंतु ज्याला आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास पाहावयाचा आहे, त्याला अबुल फजल निराळ्याच कारणाने आठवतो. ‘आईन-इ-अकबरी’त त्याने बादशाही मुदपाकखान्यातील धान्ये, भाज्या, मसाले आणि त्यांचे भाव लिहून ठेवले आहेत. साम्राज्याचा कारभार लिहिणाऱ्या माणसाने दोडक्या-कारल्याचाही भाव टिपावा, हे त्याचे आपल्यावर मोठेच उपकार होत.

त्या यादीत परवल, वांगे, दोडका, कारले, कोहळा, पडवळ, सुरण आहेत आणि कद्दूही आहे. मसाल्यांत काळी मिरी आहे, लाल मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही. अमेरिका खंडातून आलेली एक वस्तू मात्र तेथे ऐटीत बसलेली दिसते, ती म्हणजे अननस. त्याला ‘कटहल-इ-सफरी’, म्हणजे प्रवासी फणस, असे नाव असल्याचे अबुल फजल सांगतो आणि कारणही देतो: त्याचे रोप भांड्यात लावून प्रवासात बरोबर नेता येते. हे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोणती भाजी जगाच्या पाठीवर किती दूर गेली, हे तिच्या चवीवर जितके ठरले त्याहून अधिक तिचे बी कसे आहे यावर ठरले.

आईनातील कद्दू म्हणजे आपला दुधी भोपळाच मानला पाहिजे. दुधीचे मूळ आफ्रिकेत. परंतु आशियात तो इतिहासपूर्व काळीच आला. त्याच्या वाळलेल्या कवचाचा कमंडलू होई, मुले तो पाठीला बांधून पोहावयास शिकत, आणि तंबोऱ्याचा भोपळाही त्याच जातीचा. तांबडा भोपळा मात्र अमेरिकेचा. 16व्या शतकानंतर युरोपीय जहाजांच्या वाटेने तो पूर्वेस आला. त्याचे बी चपटे, कोरडे, टिकाऊ. खलाशाच्या पिशवीत महिनोन्‌महिने पडून राहिले तरी मातीत टाकताच उगवणारे. असा पाहुणा शे-दोनशे वर्षांत घरचा होऊन बसला, यात नवल नाही.

तो इतका घरचा झाला की त्याने जुन्या भोपळ्याचे नावही घेतले. हिंदी प्रांतांत पुष्कळ ठिकाणी कद्दू म्हटले की आज तांबडा भोपळाच डोळ्यांपुढे येतो. दिल्लीकडे त्याला सीताफळ म्हणतात, अन्यत्र काशीफळ. 1810च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. त्या तळाचेच पुढे ‘लष्कर’ हे शहर झाले आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी घराणी तेथे स्थायिक झाली. मराठी माणसाचे सीताफळ गोड गराचे, काळ्या बियांचे. त्याने दिल्लीच्या मंडईत सीताफळ मागितले तर पदरात भोपळ्याची फोड पडावयाची! गंमत अशी की, एकाच नावाची ही दोन्ही फळे मुळात अमेरिकेचीच. सीतामाईचे वा काशीचे नाव लागले म्हणून त्यांचे कूळ बदलत नाही. आपल्या एकादशीच्या ताटातले बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि तांबडा भोपळा, हे सारे त्याच खंडाचे; आणि उपवासाला वर्ज्य ते मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचे आपले तांदूळ व गहू!

याच कुळातील आणखी एक वेल मात्र ग्वाल्हेरच्या बाजूस रुजू शकली नाही. तिला दक्षिणेत चाऊ-चाऊ म्हणतात. मूळ स्थान मेक्सिको व त्याच्या दक्षिणेचा प्रदेश. तेथील नाहुआत्ल भाषेतील नावावरून स्पॅनिश लोकांनी तिला ‘चायोते’ म्हटले. फळ फिकट हिरवे, पेरूएवढे वा थोडे मोठे, अंगावर सुरकुत्या. आत एकच मोठे चपटे बी. आणि ते फळाच्या आतच कोंब धरते. ते वाळवून पुडीत बांधून ठेवता येत नाही. लागवडीसाठी सबंध फळच जमिनीत ठेवावे लागते. शिडाच्या जहाजावर सहा-सहा महिने काढताना असे फळ कुजावयाचे किंवा वाटेतच त्याला वेल फुटावयाची. म्हणून तांबडा भोपळा आला त्या लाटेबरोबर ही आली नाही. वेगवान आगबोटी आणि सरकारी वनस्पति-उद्याने यांच्या काळापर्यंत तिला थांबावे लागले.

बंगळूरच्या परिसरात ती आणण्याचे श्रेय जॉन कॅमेरॉन यांना देतात. 1874 पासून 1908 पर्यंत ते तेथील लालबागेचे प्रमुख होते. कानडी लोकांनी तिला ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे परदेशी वांगे, असे नाव दिले. तमिळ लोक बंगळूरचे वांगे म्हणतात. दार्जिलिंग-सिक्कीमकडे ती ‘इस्कुस’ झाली, आणि तेथे फळच नव्हे, तर कोवळे शेंडे व जमिनीतले कंदही आवडीने खातात. तिला सौम्य हवा आणि सततचा ओलावा हवा. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात लू वाहते, पारा 45 अंशांवर जातो, आणि पौषात कडाक्याची थंडी पडते. बी अखेरीस प्रवासाला निघाले; पण हवेने दार लावले.

तिची चव सौम्य, जवळजवळ दुधीसारखीच. म्हणून मराठी स्वयंपाकात ती सहज सामावते. हरभऱ्याची डाळ घालून भाजी, कोवळी असल्यास किसून कोशिंबीर, थालिपीठ. दक्षिणेत कूटू, सांबार आणि सालींची चटणी. चिरताना चीक निघून बोटे बधिर होतात, तेव्हा हाताला तेल लावावे. शंभर ग्रॅमांत नव्वदाहून अधिक भाग पाणी आणि उष्मांक अवघे वीसच्या आसपास, म्हणून वजन सांभाळणाऱ्यास ती सोयीची. फोलेट हे जीवनसत्त्व तिच्यात बरे असते. त्याहून मोठ्या चमत्काराची अपेक्षा करू नये. तांबडा भोपळा मात्र अ जीवनसत्त्वाचे भांडार, आणि ते अंगी लागावयास थोडे तेल-तूप लागते. आपल्या घारग्यांत व फोडणीच्या भरतात ते आपसूक पडते.

दुधी सर्वांत जुना व ओळखीचा. पण नेमके त्याच्याच बाबतीत अलीकडे सावधगिरीची वेळ आली आहे. कच्च्या दुधीचा रस पिण्याची प्रथा वाढली, कडू रसाने काही माणसे दगावली, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी याचा विचार करून 2012 साली अहवाल प्रसिद्ध केला. या कुळात कुकुर्बिटासिन नावाचे कडू विष असते. खाण्याच्या जातींत ते नगण्य, पण एखाद्या फळात एकाएकी वाढते. बाहेरून ते ओळखू येत नाही. म्हणून रस काढण्यापूर्वी लहानशी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर सारे फळ टाकून द्यावे. कडू म्हणजे औषधी असे समजून घोट गिळू नये. कडू रस पोटात जाऊन उलट्या, पोटदुखी, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.