दोष दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे

लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या चाचांकडे बंद पडलेली कुठलीही स्कूटर आली की निदान ठरलेले असे : "कार्बोरेटर में कचरा है." बहुतेक वेळा ते खरेही निघे. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचा इतिहास वाचताना मला हे वाक्य पुन्हा आठवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातले तरुण जुन्या गाड्यांची इंजिने ताकदवान करून शर्यती लावू लागले. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर अशा शर्यती नियमित सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. अंतर फक्त पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर.

या गाड्यांचे एक दुखणे जुने आहे. उभी असताना इंजिन सुरेख चालते, गाडी झेपावतेही; पण पुढे ते अडखळते, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो. आवाज कार्बोरेटरमधून येतो, म्हणून संशयही त्याच्यावरच. मग जेट बदला, फ्लोट तपासा. दोष मात्र अनेकदा मागे असतो : टाकीचे हवेचे छिद्र बुजलेले, फिल्टर तुंबलेला, पंपाला पुरेशी वीज नाही.

आणि कधी सगळे भाग निर्दोष असतात, खोडा वेगच घालतो. गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने पुढे झेपावली, तर तीन मीटर नळीतले पेट्रोल मागे रेटले जाऊन साधारण तीन पौंडांचा दाब खाते. मागच्या पंपाने सातच पौंड दिले असतील, तर पुढे उरतात चार. फ्लोटच्या वाटीतला साठा संपतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते.

डीन मून यांच्या कारखान्यातली ॲल्युमिनियमची गोल टाकी ड्रॅगस्टरच्या नाकावर, इंजिनाच्याही पुढे बसू लागली, त्यामागे हेच गणित होते. टाकी पुढे असली की तोच धक्का पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. अडथळा होता तोच मदतनीस झाला. टाकी मागे ठेवायची, तर पंप जास्त दाबाचा आणि रेग्युलेटर कार्बोरेटरजवळ, हा उपाय.

जाणकार मेकॅनिक म्हणूनच उभ्या गाडीतल्या दाबावर विश्वास ठेवत नाही. धावत्या गाडीतला काटा पाहतो. शर्यत संपताच इंजिन बंद करून प्लग काढतो. चिनी मातीचा भाग पांढराफटक असेल, तर पेट्रोल कमी पडले. मग टाकीपासून एकेक टप्पा तपासत पुढे येतो.

२०१६ पासून त्या संघटनेच्या प्रो स्टॉक वर्गात कार्बोरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. पण तपासाची ही रीत जुनी झालेली नाही. आवाज जिथून आला त्यालाच गुन्हेगार ठरवणे सोपे असते. आपल्या समाजातही हे रोज घडते. उगमापर्यंत चालत जाण्याचे कष्ट घेतले, तरच न्याय होतो. यंत्राचाही आणि माणसाचाही.