गुंगीच्या वाफेचा पुढील प्रवास

ता. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बॉस्टन शहरांत मॉर्टन नांवाच्या दंतवैद्यानें एका रोग्यास ईथरची वाफ हुंगविली व वॉरन या शल्यवैद्यानें त्याच्या मानेवरील गाठ कापली. तोंपर्यंत रोग्यास माणसांकरवीं दाबून धरावें लागे. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथें सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. हा उपकार केवढा, तें सांगावयास नको. गतवर्षीं माझ्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली. दाराबाहेर बसलों असतां मला आंतून हूं का चूं ऐकूं आलें नाहीं. परंतु त्या वाफेचें पुढें होतें काय?

ती शरीरांत जिरते, अशी माझी समजूत होती. वस्तुतः हल्लीं हुंगविलीं जाणारीं औषधें बहुतांशीं जशींच्या तशीं श्वासावाटें परत येतात. ईथर पेट घेई, म्हणून दिव्याजवळ धोका असे. १९५६ सालीं न पेटणारें हॅलोथेन वापरांत आलें आणि ती चिंता मिटली. पण दिवसभर तीच हवा हुंगणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या प्रकृतीविषयीं शंका निघाली. म्हणून १९७० नंतर नळ्या बसवून तो वायु इमारतीबाहेर सोडण्याची व्यवस्था होऊं लागली. खोली स्वच्छ झाली. वर्ग झाडून केर शेजारच्या वर्गापुढें लोटणारे विद्यार्थी मीं जन्मभर पाहिले आहेत. तेव्हां या युक्तीचें मला नवल वाटलें नाहीं.

१९९० नंतर डेस्फ्लुरेन आलें. त्यानें रोगी लवकर शुद्धीवर येतो, म्हणून तें आवडतें झालें. पण वजनास वजन धरल्यास, शंभर वर्षांच्या हिशेबानें, तें कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें २,५०० पट उष्णता अडवून धरतें. जुना हास्यवायु सुमारें २७० पट. आणि तो वातावरणांत शंभराहून अधिक वर्षें टिकतो. कित्येक इस्पितळांत तर रोग्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच तो नळांच्या सांध्यांतून गळून जातो, असें आढळलें आहे. ज्याचा कोणासच उपयोग झाला नाहीं, असा हा अपव्यय मला सर्वांत अधिक खटकतो.

ज्या स्कॉटलंडांत क्लोरोफॉर्म प्रसिद्धीस आलें, त्याच देशानें २०२३ सालीं आपल्या सरकारी आरोग्यसेवेंतून डेस्फ्लुरेन काढून टाकलें. युरोपीय संघानेंहि १ जानेवारी २०२६ पासून अनिवार्य वैद्यकीय गरजेखेरीज त्याचा वापर बंद केला आहे. रोग्याच्या गुंगींत त्यामुळें उणें पडलेलें नाहीं. सेव्होफ्लुरेन किंवा शिरेवाटें दिलें जाणारें औषध वापरून, आणि यंत्रांतील वायूचा प्रवाह मंद ठेवून, तेंच काम होतें.