चुंबकीय स्थाननिर्धारण

चुंबकीय क्षेत्राची दिशा व तीव्रता मोजून त्यांवरून वस्तूची दिशा किंवा तिचे स्थान ठरविण्याच्या पद्धतीस चुंबकीय स्थाननिर्धारण म्हणतात. होकायंत्र हे या पद्धतीचे सर्वांत जुने साधन असून त्यात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग होतो. आधुनिक प्रणालींत वेटोळ्यांनी निर्माण केलेले कृत्रिम क्षेत्र वापरतात. दोन्ही प्रकारांत मापनाची अचूकता उपकरणाच्या सूक्ष्मतेइतकीच भोवतालचे लोखंड व विद्युत् प्रवाह यांवर अवलंबून असते. मुंबई येथील कुलाबा व तिची उत्तराधिकारी अलिबाग या वेधशाळांचा इतिहास हे या तत्त्वाचे उत्तम उदाहरण होय.

त्रुटींची कारणे : चुंबकसूची भौगोलिक उत्तरेकडे नेमकी रोखलेली नसते. या दोन दिशांमधील कोनास दिक्पात म्हणतात. तो स्थळपरत्वे व कालपरत्वे बदलतो. दिशेत एका अंशाची चूक राहिल्यास सु. ६० किमी. प्रवासाअंती जहाज सु. १ किमी. बाजूस पडते. याशिवाय स्थानिक कारणेही असतात. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचा परिसर व बालाघाटच्या डोंगररांगा ज्या बेसाल्ट खडकाच्या बनलेल्या आहेत, त्यात मॅग्नेटाइट हे खनिज असते व खडक थंड होताना त्यात आलेले चुंबकत्व टिकून राहिलेले असते. त्यामुळे अशा प्रदेशात काही ठिकाणी सूचीचे विचलन होऊ शकते. रूळ, यंत्रे व विद्युत् वाहक ही मानवनिर्मित कारणे होत. लोखंडी जहाजांत हा दोष विशेष जाणवू लागला, तेव्हा जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्ये प्रयोग करून होकायंत्राजवळ चुंबक व मृदू लोखंड योग्य रीतीने बसवून तो कमी करण्याची रीत सुचविली.

कुलाबा वेधशाळा : ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ही वेधशाळा खगोलीय वेध व नौकानयनास आवश्यक असलेले कालमापन यांसाठी स्थापन केली. गौस व वेबर यांच्या प्रेरणेने यूरोपात भूचुंबकीय वेध एकाच वेळी अनेक ठिकाणी घेण्याची चळवळ सुरू झाली होती. तिला अनुसरून एल्फिन्स्टन कॉलेजातील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली कुलाब्यास १८४१ पासून चुंबकीय वेध नियमित घेण्यात येऊ लागले. बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, तर गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे वेध घेण्याचे काम केले. आरंभीच्या काळात ठराविक वेळी उपकरणावरील अंक डोळ्यांनी वाचून नोंदविले जात. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात छायाचित्रणाने अखंड नोंद करण्याची पद्धत आली.

सप्टेंबर १८५९ च्या आरंभी झालेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद येथील वेधकांनी हातानेच केली. तीत क्षैतिज घटकात सु. १,६०० नॅनोटेस्लांची, म्हणजे त्याच्या सु. चार टक्के, घट आढळते. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या नोंदींचा पुन्हा अभ्यास करून त्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज बांधला. जवळजवळ दीडशे वर्षांनी हे शक्य झाले, ते नोंदी सलग व विश्वसनीय होत्या म्हणून.

अलिबागला स्थलांतर : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामगाड्यांऐवजी विजेच्या ट्राम सुरू करण्याचे ठरले. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांवाटे परतताना त्याचा काही भाग जमिनीत झिरपतो आणि त्यामुळे निर्माण होणारे क्षेत्र नैसर्गिक बदलांत मिसळते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी हा धोका ओळखून मुंबईपासून सु. ३० किमी. अंतरावरील अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. तिच्या इमारतींसाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड तपासून घेण्यात आला आणि लोखंड वर्ज्य करून पितळ व तांबे वापरण्यात आले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेण्यात आले. त्यांच्या तुलनेने दोन स्थळांमधील फरक निश्चित झाला व १८४१ पासूनची मालिका खंडित न होता पुढे चालू राहिली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा चुंबकीय वेधांचे काम अलिबागला गेलेले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील वेधांचे विवेचन १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. अलिबाग वेधशाळा या संस्थेच्या अखत्यारीत आहे.

आधुनिक प्रणाली : वैमानिकाच्या शिरस्त्राणाची दिशा किंवा शरीरात घातलेल्या शस्त्रक्रियेच्या उपकरणाचे टोक यांचा मागोवा घेण्यासाठी परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन वेटोळ्यांचे क्षेत्र वापरतात. संवेदकातील तशाच तीन वेटोळ्यांवर मिळणाऱ्या संकेतांवरून स्थान व दिशा गणिताने काढतात. अशा क्षेत्राची तीव्रता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाल्यास ती एक अष्टमांश होते. त्यामुळे दूरवरच्या मापनात लहान त्रुटीही मोठी ठरते. प्रत्यावर्ती क्षेत्रामुळे जवळपासच्या धातूंत आवर्त प्रवाह निर्माण होतात व त्यांचे क्षेत्र मूळ क्षेत्र विकृत करते. यावर एक उपाय म्हणजे एकदिश प्रवाहाचे स्पंद वापरून आवर्त प्रवाह शमल्यानंतरच मापन करणे. मात्र लोखंडाच्या चुंबकनामुळे होणारी विकृती यामुळे नाहीशी होत नाही. तिच्यासाठी ज्ञात बिंदूंवर मापने घेऊन त्या जागेतील विकृतीचा नकाशा तयार करतात व त्यानुसार नंतरच्या मापनांत दुरुस्ती करतात.

शस्त्रक्रियागृहातील लोखंडी मेज व मुंबईची ट्राम यांचे मापनावरील परिणाम तत्त्वतः एकाच प्रकारचे होत. विकृती शक्य तेथे टाळणे, टाळता न आल्यास ती मोजणे आणि जुन्या व नव्या मापनांची एकाच वेळी तुलना करून मगच बदल स्वीकारणे, हे अलिबागला अनुसरलेले नियम आजच्या प्रणालींनाही लागू पडतात.