शिंगाची फणी : इतिहास, घडण व निगा

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कुलवृत्तांत, कुलदैवते, मूळ गावे आणि कर्तबगार पूर्वज यांविषयी दरवर्षी लिहून येते, आणि ते यावयासच हवे. परंतु ज्या वस्तू पूर्वजांच्या हाती रोज असत, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. शिंगाची फणी ही अशांपैकी एक होय. जुन्या घरांतील फणेरपेटीत आरसा, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी यांच्या शेजारी तिचे स्थान असे. आज ती पुष्कळ घरांतून नाहीशी झाली आहे. काही घरांत अडगळीत पडून आहे. तिच्याविषयी थोडी माहिती ज्ञातिबंधू-भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फणी ही फार प्राचीन वस्तू आहे. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांच्या उत्खननात हस्तिदंती फण्या मिळाल्या आहेत. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडात, जेथे विवाहविधीचे मंत्र आहेत तेथे, वधूच्या केसांतील मळ काढणाऱ्या शंभर दातांच्या फणीचा उल्लेख येतो. अमरकोशात प्रसाधनी व कङ्कतिका असे तिचे दोन पर्याय दिले आहेत. आपला ‘कंगवा’ त्या दुसऱ्या शब्दाच्या कुळातला. परदेशातील एक उदाहरण तर मोठे बोधप्रद आहे. इस्रायलमधील लाखीश येथे २०१६ साली एक लहानशी हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावरील पुसट अक्षरे वाचली जाऊन २०२२ साली प्रसिद्ध झाली. ती फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची असून, केसांतील व दाढीतील उवा हिने निघून जावोत, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावर कोरलेले आहे. कनानी लिपीतील हे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य होय. राजाची आज्ञा नव्हे, देवाची स्तुती नव्हे, तर घरगुती स्वच्छतेची इच्छा! शिंगाच्या फण्या मात्र उत्खननांत क्वचितच मिळतात. कारण शिंग मातीत कुजते व कीटकही ते खातात.

मराठी भाषेने या वस्तूला मोठा मान दिला आहे. स्त्रियांच्या शृंगाराला आपण ‘वेणीफणी’ म्हणतो. केळ्यांच्या घडाची फणी असते, विणकराच्या मागावर फणी असते, कुंपणाला फणीचा निवडुंग असतो. सौभाग्यवाणात फणी, आरसा व करंडा यांवाचून चालत नाही. ज्या वस्तूचे नाव शेतात, मागावर आणि देवकार्यात जाऊन बसले, ती वस्तू घराघरांत किती रुळलेली असेल, याची कल्पना यावरून यावी.

आता शिंगाकडे वळू. गाय, म्हैस, गवा, बकरी यांच्या डोक्यावरील हाडाच्या गाभ्याभोवती जे कठीण आवरण असते, ते शिंग. हरणाचे सांबरशिंग हे निराळे. ते हाडच असते. शिंग ज्या द्रव्याचे बनते, त्याच केराटिन नावाच्या द्रव्याचे आपले केस व नखे बनतात. म्हणजे शिंगाची फणी व केस हे एकाच कुळातले होत. प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर घासली असता ती कागदाचे कपटे ओढून घेते, हा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेत केलेला असतो. शिंग आणि केस सजातीय असल्यामुळे शिंगाच्या फणीने तशी वीज फारशी निर्माण होत नाही व केस विस्कटून उभे राहत नाहीत. मात्र शिंगाच्या फणीने टक्कल जाते किंवा केस काळे होतात, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

फणी घडविण्याचे काम कौशल्याचे आहे. म्हशीच्या शिंगाचे टोक भरीव असते व बुडाचा भाग पोकळ असतो. पोकळ भाग उभा चिरून गरम करतात, म्हणजे तो मऊ होतो. मग तो उलगडून दाबाखाली सपाट करतात. थंड झाल्यावर तो तसाच राहतो. नंतर कानशीने आकार देऊन बारीक करवतीने एकेक दात पाडतात. दात शिंगाच्या तंतूंच्या दिशेनेच पाडावे लागतात. आडवे पाडल्यास ते लगेच मोडतात. शेवटी बारीक पूड व तेल लावून घासत घासत झिलई आणतात. दातांच्या कडा एकेक करून गुळगुळीत केलेल्या असल्यामुळे अशी फणी टाळूला ओरखडत नाही.

कोकणात सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. त्याच भागात शिंगाच्या शोभेच्या वस्तूही होत असत. उत्तर प्रदेशात संभळ आणि ओडिशात परळाखेमुंडी ही या कामाची नावाजलेली ठिकाणे आहेत. गव्याच्या शिंगाचे काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंद झाले, आणि ते योग्यच झाले. म्हशीच्या शिंगाचे काम मात्र चालू आहे.

येथे एका गोष्टीचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शंख, शिंग, हाड व दंत यांच्या वस्तूंची शुद्धी सांगितली आहे. पांढरी मोहरी, गोमूत्र किंवा पाणी यांनी त्या शुद्ध होतात. म्हणजे मेलेल्या जनावराचे शिंग धुतले की सोवळ्या घरातही चालत असे. परंतु गावगाड्यात ते मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम ज्या महार समाजाकडे होते, आणि कातडे कमावण्याचे काम ज्या ढोर समाजाकडे होते, त्या माणसांना मात्र कोणत्याही पाण्याने शुद्ध मानले गेले नाही. वस्तू माजघरात आली, माणूस वेशीबाहेर राहिला. १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या घटनेचा अर्थ आपल्या घरातील या साध्या फणीवरूनही कळू शकतो. ज्ञातीचा अभिमान बाळगताना, आपली गृहस्थी अनेक ज्ञातींच्या हातांवर उभी होती, हे विसरता कामा नये.

शिंगाच्या फणीला उतरती कळा लागली ती सेल्युलॉइडमुळे. अमेरिकेतील हायट यांनी हस्तिदंताला पर्याय शोधता शोधता १८७० च्या सुमारास हा पदार्थ प्रचारात आणला. त्याच्या फण्या स्वस्त व रंगीत असत. परंतु तो चटकन पेट घेतो. पुढे न पेटणारे प्लॅस्टिक आले आणि साच्यातून एका दमात शेकडो फण्या निघू लागल्या. हाताने एकेक दात पाडणारा कारागीर या वेगापुढे टिकणे कठीण होते.

आता निगेविषयी. शिंगाच्या फणीचे दोन शत्रू आहेत : पाणी आणि अतिशय कोरडी हवा. पाण्यात भिजत राहिल्यास ती फुगते व वाकते. उन्हात राहिल्यास तिचे पदर सुटतात व तडे जातात. म्हणून ती न्हाणीघरात ठेवू नये व खिडकीतही ठेवू नये. दातांतील मळ जाड दोऱ्याने किंवा मऊ ब्रशाने काढावा. फार मळल्यास रिठ्याच्या कोमट पाण्यात क्षणभर बुडवून घासावी, लगेच कोरड्या फडक्याने पुसावी व सावलीत वाळवावी. उकळत्या पाण्यात ती कधीही टाकू नये. त्यामुळे उवा झालेल्या मुलांसाठी धातूची निराळी फणी ठेवणे बरे. महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवून रात्रभर ठेवावी व सकाळी पुसून घ्यावी. वाकलेली फणी गरम पाण्याच्या वाफेवर थोडी मऊ करून दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून ठेवल्यास बहुधा सरळ होते. दाताला कपची गेली असल्यास तेवढी जागा बारीक कानशीने घासून गुळगुळीत करावी, नाहीतर केस अडकून तुटतात. लोकर खाणारी कसर शिंगही खाते. म्हणून पेटीत बंद ठेवलेली फणी अधूनमधून बाहेर काढून पाहावी.

जिच्या घरी आजीची अथवा पणजीची फणी असेल, त्या भगिनीने ती टाकून देऊ नये. ती कोणाची, कोणत्या गावाहून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे व फणीसोबत ठेवावे. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. आणि नवी फणी घ्यावयाची झाल्यास, शक्य असेल तर ती कारागिराकडून घ्यावी व दोन रुपये अधिक द्यावे लागल्यास कुरकुर करू नये. एकेक दात पाडण्यास किती वेळ लागतो, हे वर सांगितलेच आहे. इत्यलम्.