इंजिनच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय का? ओळखायचं कसं आणि ते आलं कुठून?

कंग्राळी : ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनी बेळगाव, कोल्हापूर, सांगली भागात इंजिनांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. इकडे मार्कंडेय नदीकाठचा डिझेल पंप असो, निपाणीकडचा ट्रॅक्टर असो की मालवणची मच्छीमार बोट, ऑइलमध्ये पाणी शिरलं की दिसणारी लक्षणं सारखीच असतात. पाणी येण्याच्या वाटा मात्र वेगळ्या. ती वाट न शोधता नुसतं ऑइल बदललं, तर चार दिवसांत नवं ऑइलही पांढरं होतं.

बुडालेलं इंजिन चालू करून बघू नका

पूर ओसरला की 'चालू होतंय का बघू' म्हणून सेल्फ किंवा हँडल मारलं जातं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल काढून घ्या, मग इंजिन हाताने सावकाश फिरवा. आतलं पाणी त्या भोकातून बाहेर येईल.

लक्षणं कोणती?

* ऑइलची कांडी ओढल्यावर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं.
* ऑइल न घालताही पातळी वाढलेली असते.
* ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळसर पांढरा फेस दिसतो.
* इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते.

इथं दोन ठिकाणी फसगत होते. फक्त झाकणाखाली फेस आहे आणि कांडीवरचं ऑइल स्वच्छ आहे, तर थंडीत थोडा वेळच चालवलेल्या इंजिनातली ती वाफ असू शकते. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवून पुन्हा बघा. दुसरं म्हणजे, पातळी वाढली पण ऑइल पांढरं न होता पातळ झालं आणि डिझेलचा वास मारतोय, तर पाणी नव्हे, डिझेल उतरतंय. त्याची दुरुस्ती नोझल किंवा डिझेल पंपाकडे.

दोन सोप्या चाचण्या

*बोल्टची चाचणी :* इंजिन रात्रभर थंड, उभं ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळं मोकळं पाणी चेंबरच्या तळाला बसतं. सकाळी खालचा बोल्ट पूर्ण न काढता थोडा सैल करा. आधी पाणी ठिबकलं तर शंका उरत नाही. पण ऑइलमध्ये पूर्ण घुसळलेलं पाणी असं वेगळं होत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी.

*तव्याची चाचणी :* जुना तवा उघड्यावर तापवा, धूर निघेपर्यंत नको. त्याच्यावर ऑइलचा एकच थेंब टाका. तडतड झाली, बुडबुडे उडाले तर पाणी आहे. चष्मा घाला, तोंड लांब ठेवा. हा तवा परत स्वयंपाकाला वापरू नका.

पाणी आलं कुठून?

*ट्रॅक्टर :* रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय का बघा. झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. आत ऑइलचा तवंग असेल तर हेड पॅकिंग किंवा ऑइल कूलरवर संशय घ्या. नक्की करायला मेकॅनिक चेंबर उतरवून रेडिएटरला हातपंपाने दाब देतात आणि थेंब कुठून पडतो ते बघतात. लायनरच्या बुडातून पडला तर लायनरच्या रबर रिंगा गेल्या.

*पंपाचं इंजिन :* बऱ्याच लहान इंजिनांत पंपाचंच पाणी थंड करायला फिरवलेलं असतं. रेडिएटर नसल्यानं पाणी कमी झालेलं कळत नाही. म्हणून इथं कांडी रोज बघणं हाच उपाय.

*बोट :* खारं पाणी असल्यानं घाई जास्त. हीट एक्स्चेंजर, समुद्राच्या पाण्याच्या पंपाचं सील आणि बोटीच्या तळात साठलेलं पाणी, तिन्ही तपासा. ज्या बोटीत समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये सोडलेलं असतं, तिथं इंजिन बंद झाल्यावर ते उलटं सिलिंडरमध्ये येऊ शकतं. बाहेर टांगायच्या इंजिनाचं गिअर ऑइल पांढरं झालं, तर पंख्याच्या शाफ्टला तंगूस गुंडाळून सील कापलंय का बघा.

मग काय करायचं?

गळती आधी बंद करा. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, बिनलोड दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि ते ऑइलही काढून टाका. कांडीवर ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं. 'हंगाम संपू दे, मग बघू' हे परवडत नाही. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेरिंगवर टिकत नाही, गंज चढतो आणि पॅकिंगवर भागणारं काम क्रँकपर्यंत जातं. खारं पाणी शिरलं असेल तर त्याच दिवशी ऑइल काढा.

काढलेलं ऑइल नदीत किंवा गटारीत ओतू नका, डब्यात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. आणि विमा असेल तर गाडीला हात लावण्याआधी फोटो काढून कंपनीला कळवा. बुडालेली गाडी चालू केल्यानं झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.