आकाशकंदील

कार्तिकमासी उंच काठीच्या टोकावर देवापितरांप्रीत्यर्थ जो दीप टांगीत त्यास संस्कृतात आकाशदीप म्हणतात. आपल्या मराठीने मात्र त्यातले आकाश तेवढे जपून दीपाच्या जागी कंदिलाची नेमणूक केली, आणि हा कंदील फार लांबून मजलदरमजल करीत आलेला प्रवासी आहे. लॅटिनमधील ‘कांदेला’, म्हणजे मेणबत्ती, हा शब्द ग्रीकांच्या हातून अरबांकडे जाऊन ‘किंदील’ झाला, फारसीच्या मार्गाने आपल्याकडे रुजू झाला, आणि आज तो परका आहे याची शंकाही कोणास येत नाही. त्याहून मला हर्ष होतो तो याचा, की ‘कांदेला’ ज्या ‘प्रकाशणे’ अर्थाच्या धातूपासून निघाला, त्याच मूळ कुळातला आपला ‘चंद्र’ही आहे, म्हणजे अवसेच्या रात्री दारावर कंदील लावणारा, नकळत, चंद्राच्याच भाऊबंदाला बोलावीत असतो.

हा कंदील घरी करायचा तर बांबूच्या कामट्या तासून, त्यांचे सहा चौकोन दोऱ्याने कोपऱ्याशी कोपरा बांधले, की मधल्या फटींतून आठ त्रिकोण आपोआप उमटतात. मग पिठाची खळ, पतंगी कागद, खाली झिरमिळ्या. खळ पातळ झाली तर कागद ओला होऊन फाटतो, पण बेताची लागली तर वाळताना तो स्वतःच ताणला जातो, आणि टिचकी मारली असता डफासारखा वाजतो.